सभागृहातली गावदेवी

भिवंडीला लागून असलेल्या आमच्या गावात शेतं गेली आणि गोदामं आली. आमचीही गेली. विकायचा राहिला तो एकच तुकडा, गावदेवीच्या घुमटीखालचा. सातबारा वडिलांच्या नावावर आणि देवीपुढचा सकाळचा दिवाही त्यांच्याच हातचा.

घुमटीच्या जागी मोठं देऊळ हवं, असं गावाच्या मनात आलं. देवळाला सरकारी निधी मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आपल्याकडे करतात तेच केलं, कागदावर देवळाऐवजी बहुउद्देशीय सभागृह लिहिलं. पण त्यासाठी जागा पंचायतीच्या नावावर लागते. सरपंच घरी येऊन बसले.

"काका, नुसती सही हाय. देवी काय जागची उठतेय?"

वडिलांनी बक्षीसपत्र करून दिलं. वर सगळ्यांना चहा पाजला. माणसाने इतकं भोळं असावं, याचा मला आजही संताप येतो.

घुमटी पाडली, सभागृह उभं राहिलं, देवी आत गेली. मग निवडणुकीत पडलेला एकजण कोर्टात गेला. सरकारी पैशातून एका धर्माचं देऊळ कसं बांधलं, असा त्याचा सवाल. त्याचा हेतू काहीही असो, सवाल खोटा नव्हता. दुसऱ्या कुणाचं प्रार्थनास्थळ असं बांधलं असतं, तर आमच्याच गावाने रान उठवलं असतं. निकाल लागेपर्यंत सभागृहाला कुलूप लागलं, देवी आतच. आम्ही जागा परत मागितली, तर सरकारी मालमत्ता अशी परत देता येत नाही, असं पंचायतीने सांगितलं. आमचे वकील हसून म्हणाले, "कागदोपत्री आता देवीचंच अतिक्रमण आहे." मला काही हसू आलं नाही. यातून काही निघेल, ही आशा मी सोडून दिली आहे.

वडील मात्र रोज शटरबाहेर दिवा लावून यायचे. परवा तिथे वॉचमन बसला होता.

"चाचा, इधर मना है. ऊपर से ऑर्डर है."

वडील भांडले नाहीत. पेटता दिवा हाताच्या आडोशाने सांभाळत घरी आले आणि ओटीवर टेकले. मी म्हटलं, "बाबा, देव्हाऱ्यात ठेवा."

"देव्हारा घरचा हाय. ह्यो गावचा दिवा, आत कसा नेऊ?"

मग कुठे ठेवायचा, ते त्यांना सुचेना आणि मलाही. तेल संपेपर्यंत ते तो हातातच धरून बसले.