बर्फ किती टिकला

प्राचार्य शुक्ला सरांनी तिसऱ्यांदा डब्याचे झाकण उघडले तेव्हा आतला बर्फ निम्म्याहून कमी उरला होता. निरीक्षक अजून आले नव्हते.

"मॅडम, ये तो गया," सर म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे वळले.

छत्तीसगड राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. पूर्वी शाळांच्या फायली भोपाळला जात. आता अधिकारी रायपुरातच बसत आणि पाहणीला स्वतः येत. गुढियारीतील आमच्या खासगी शाळेला अकरावी-बारावी सायन्सची परवानगी हवी होती. त्यासाठी शिक्षण विभागाचे निरीक्षक एक चालू तास पाहणार होते. तो आठवीचा होता आणि तो मी घेणार होते. मी प्रोबेशनवर होते. म्हणजे मला कायम करायचे की नाही, हे वर्षाच्या शेवटी प्राचार्य ठरवणार होते.

मी डिझाइन चॅलेंज ठेवले होते. यात शिक्षक उत्तर सांगत नाही. एक गरज सांगतो, काही अटी घालतो. मुले वस्तू बनवतात आणि ती सर्वांसमोर तपासली जाते. इथे गरज होती मार्चच्या उन्हात बर्फ टिकवणाऱ्या डब्याची. सामान घरातलेच हवे, विकत काही आणायचे नाही. बर्फ सर्वांना सारखाच, एकाच मापाच्या वाट्यांत गोठवलेला.

चार डबे तयार झाले. चौबे कॉलोनीतील मुलांनी नव्या टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल कापून आणले. दुसऱ्या गटाने स्टीलचा डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला. तिसऱ्या गटाने बर्फाला भरपूर मीठ लावले. "कुल्फीवाला ऐसेच करता है, मॅम," असे त्यांचे म्हणणे. मिठाने गारवा वाढतो हे खरे, पण तो बर्फ वितळवूनच वाढतो. हे मी मुद्दाम सांगितले नाही. ते त्यांना डब्यातच दिसणार होते. चौथा गट बीरगांवहून येणाऱ्या वैशाली मेश्रामचा. त्यांचा डबा धानाच्या भुशाने भरलेल्या पोत्यात बसवला होता. बर्फ ठेवल्यावर तिने पोत्याचे तोंड वर्गातच सुतळीने शिवून टाकले.

निरीक्षक दुसऱ्या तासाला यायचे होते. ऑफिसात फोन आला की मंत्र्यांचा ताफा जायचा असल्याने रस्ता अडवला आहे. केव्हा मोकळा होईल, कुणी सांगू शकत नव्हते. बर्फ तर सकाळीच ठेवला होता.

गणिताच्या सुनीता वानखेडे दारात आल्या. त्या नागपूरच्या, मीही तिकडचीच.

"काहून घाबरून राहिली तू? बर्फच तर आहे."

"माही नोकरी आहे त्याच्यात."

"मंग थोडी विरघळनच," त्या म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

शुक्ला सर ऑफिसातून वर्गात आणि वर्गातून फाटकापर्यंत फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीला ते झाकणे उघडून पाहत. बर्फ टिकतो तो भोवतालची हवा अडवून ठेवल्यामुळे. हवा हलली नाही की बाहेरची उष्णता आत जायला वेळ लागतो. यालाच इन्सुलेशन म्हणतात. झाकण उघडले की आतली गार हवा निघून जाते आणि गरम हवा तिची जागा घेते. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि स्वेटरचा डबा उघडला. पोते त्यांनी एकदाच हलवून पाहिले. बुटांवर भुसा सांडला, तेव्हा ते मागे सरले.

"फ्रिज में और कटोरियाँ हैं ना?" त्यांनी मला दारापाशी बोलावून हळू आवाजात विचारले. "बदल दीजिए. बच्चों को ग्राउंड पर भेज दीजिए."

"सर, बदलायचे तर चारही बदलू. वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजू. मुलांना तसे सांगू."

"बताने की क्या ज़रूरत है?"

"बर्फ कधी ठेवला, हे निरीक्षक मुलांनाच विचारतील."

ते म्हणाले, "आपका कन्फर्मेशन मेरी टेबल पर है, मॅडम. याद है ना?"

"हो सर."

मी आत गेले आणि तिन्ही डब्यांच्या झाकणांवर आणि पोत्याच्या तोंडावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यावर प्रत्येक गटाला सह्या करायला लावल्या. एक पट्टी वाकडी लागली. शुक्ला सर दारातून पाहत होते.

निरीक्षक मधल्या सुट्टीनंतर आले. उंच, घामाघूम, फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी सह्या पाहिल्या आणि पट्ट्या काढायला सांगितले. मिठाच्या डब्यात खारट पाणी होते. स्वेटरच्या डब्यात नुसतेच पाणी. थर्माकोलमध्ये नखाएवढा तुकडा. वैशालीने सुतळी दातांनी तोडली. तिच्या डब्यात मूठभर बर्फ शिल्लक होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शुक्ला सरांनीही वाजवल्या.

"तुम्हारा क्यों बचा?" निरीक्षकांनी विचारले.

"सर, भूसे में हवा रुकी रहती है," वैशाली म्हणाली. उत्तर बरोबर होते आणि तिने तिथेच थांबावे असे मला वाटत होते. ती थांबली नाही. "और हमारा किसी ने खोला नहीं. बाकी सब बार-बार खुले."

"किसने खोले?"

मुले माझ्याकडे पाहू लागली. शुक्ला सर खिडकीबाहेर पाहत होते.

"आम्ही मोठ्यांनी," मी म्हणाले. "त्यामुळे आजचा निकाल धरता येणार नाही, सर. उद्या पुन्हा बर्फ ठेवू आणि एकही डबा मध्ये उघडणार नाही."

वैशालीचा चेहरा पडला. निरीक्षकांनी एकवार तिच्याकडे पाहिले, मग शुक्ला सरांकडे. "ठीक है. लैब दिखाइए," एवढेच म्हणून ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी थर्माकोल पहिले आले. भुसा थोडक्यात मागे राहिला. "थर्माकोल किसके घर में रहता है, मॅम?" वैशालीने विचारले. टीव्ही घेतलेल्यांच्या, हे उत्तर तिलाही माहीत होते. त्यानंतरच्या वर्षी मी अटीत बदल केला. प्रत्येक घरात असेल तेच सामान चालेल, असे ठरले.

परवानगी मिळाली. कशामुळे, ते कुणी सांगितले नाही. सत्र संपताना शुक्ला सरांनी मला कायम केले आणि वर पाचवीचा आणखी एक वर्ग शिकवायला दिला. "आपमें धीरज बहुत है," ते म्हणाले. शिक्षा की कौतुक, हे मी विचारले नाही.

हा तास मी अजून घेते. आता एक डबा जास्तीचा असतो. तो कुणीही, केव्हाही उघडून पाहावा. पालकसभेच्या दिवशी त्यातला बर्फ सर्वांत आधी संपतो.