निळ्या फौजांचा अर्धा डाव

फोन आला तेव्हा मी टेबलावरच्या सैनिकांची धूळ पुसत होतो. अंघोळीपुरता घरी आलो होतो, हॉस्पिटलात शांताजवळ आमचा मिलिंद होता. "बाबा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी हातातला सैनिक खाली ठेवला. होता तिथेच.

मी चौथी शिकलेला, मार्केट यार्डात टेम्पो चालवून म्हातारा झालेला माणूस. बायको घरी ब्लाउज शिवायची. आम्हाला लढाईचा नाद लागला तो पोरामुळे. हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीनं परदेशी धाडलं, तिकडून त्यानं अंगठ्याएवढ्या सैनिकांची पेटी आणली. टेबलावर मांडायचे, टेपनं अंतर मोजून सरकवायचे, फासे टाकून मारायचे. रंगवायचे मात्र आपणच. हिनं दोन्ही फौजा निळ्या करून टाकल्या. मिलिंदनं कपाळावर हात मारला, "आई, आता कोण कुणाचं हे कसं कळणार?" "बाटली उघडली की रंग वाळतो. संपवायला नको?" असं म्हणून हिनं आपल्या सैनिकांच्या कमरेला लाल दोरा बांधला. झालं.

पुढे मिलिंदनं याच खेळावरून निघालेले दोन गेम कॉम्प्युटरवर घालून दिले. एकात आळीपाळीनं खेळायचं, आपण विचार करत बसलो तर समोरचा थांबतो. दुसऱ्यात सगळे एकदमच धावतात, वारज्याच्या पुलाखाली सिग्नल बंद पडल्यासारखे. मला थांबणारा आवडला, मिलिंदला धावणारा. शांतानं दोन्ही खेळून पाहिले आणि तिसरंच काढलं. पहिल्यात मेलेला सैनिक जागच्या जागी विरून जातो. दुसऱ्यात तसाच पडतो, बाकीचे त्याला तुडवत जातात. "दोन्हीकडे मेलेल्याला कोणी उचलत नाही हो," ती म्हणाली. "आपलं टेबल बरं. आपल्या हातानं उचलावा लागतो." पेटीत तिनं कापूस घातला होता. मेलेला त्यावर निजवायची... माझाही, स्वतःचाही. जिंकत असली तरी आधी कापूस सारखा करायची. मग लगेच, मी सरकवलेला सैनिक मागे घेऊ लागलो की, "अहो, टेम्पो नाही तो, रिव्हर्स घेता येत नाही. ठेवा खाली!"

शेवटचा डाव अर्धा राहिला. पोटात कळ आली म्हणून उठली. रिक्षात बसताना म्हणाली, "काही हलवू नका. आता खेळी माझी आहे."

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. परवा मिलिंद पेटी घेऊन टेबलाशी आला. "आवरूया का, बाबा? जेवायला तरी जागा होईल."

"नको."

"किती दिवस ठेवणार असं?"

मी पेटी त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवली. दमलोय मी. लोक म्हणतात मन रमवा... रमवून कुठे न्यायचंय त्याला? ताट मांडीवर घेऊन जेवतो. सकाळी एकेक सैनिक उचलतो, पुसतो, परत जागेवर ठेवतो. लाल दोऱ्याचे जास्त आहेत, म्हणजे डाव तीच जिंकत होती. पेटीत घालायचा तो मेलेला. हे अजून उभे आहेत.