अर्ध्या थेंबाचा थर

माझी वहिनी प्रयोगशाळेत अकरा वर्षं एकच काम करत होती. काचेच्या गोल चकत्यांवर जेलीचा थर पसरायचा. दिवसाला साठ चकत्या, मान खाली घालून. मी जन्मभर फरशा बसवल्या, त्यामुळे त्या कामाची किंमत मला कळते.

त्या थरावर डॉक्टरबाई मूळपेशी वाढवत. अशी पेशी अजून काहीच झालेली नसते. खालची जागा मऊ लागली तर ती मज्जातंतूच्या पेशीकडे वळते, कडक लागली तर हाडाच्या. बाईंनी हे समजावलं तेव्हा वहिनी म्हणाली, "म्हणजे सासर बघून वागते म्हणा की."

एका वर्षी मऊ चकत्यांवरही हाडाच्याच पेशी येऊ लागल्या. तीनदा तेच. जेलीचं मिश्रण बाईंनीच बिघडवलं असं ठरवून प्रयोगशाळेच्या साहेबांनी महिनाअखेर त्यांचं काम बंद करायचं सांगितलं.

रविवारी वहिनी आमच्याकडे आली. पाठ टेकायला सतरंजीवर आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"फरशी लागते हो, भाऊजी."

"सतरंजी पातळ आहे. गादी घालू?"

तिने सतरंजीवरून खालची फरशी दाबून पाहिली. मग म्हणाली, "घोळ माझाच आहे. जेलीची बाटली लवकर संपते म्हणून साहेब ओरडायचे. मी एका थेंबात दोन चकत्या भागवायला लागले. जेली मऊच, पण खालची काच लागत असणार त्या पेशींना."

"गप्प बसा. दादा घरी बसून आहे, नोकरी गेली तर?"

"नाही बोलले तर बाईंची जाईल. माझ्या हातून झालंय ते."

सोमवारी तिने बाईंना सांगितलं. बाईंनी दोन्ही तऱ्हेच्या चकत्या करून घेतल्या. दोन आठवड्यांनी पूर्ण थेंबावर लांब धाग्यांच्या, मज्जातंतूच्या पेशी आल्या, अर्ध्यावर हाडाच्या.

"आधी का नाही बोललात?" बाईंनी विचारलं.

"काटकसर वाईट असते हे कुठे माहीत होतं?"

बाईंचं काम चालू राहिलं. वहिनीच्या हातून जेली काढून घेतली, बाटल्या धुवायला लावलं. पगार कमी झाला. आता आठ तास उभी असते. संध्याकाळी चपला पायात जात नाहीत, हातात घेऊन येते.