नवसाबाईचा निळा दगड

नवसामावशीला गोड बोलून कुणी जिंकलं, असं मला आठवत नाही. ती मुळातच तिरसट. नाशिकजवळ अंबडकडच्या खाणीत तिनं पंचवीस वर्षं खडी फोडली आणि नवऱ्यापासून मुकादमापर्यंत कुणाचीही भीड ठेवली नाही. पण दगड तिला कळायचा. काळ्या कातळात पोकळी कुठं आहे, आत पांढऱ्या गारगोट्या आहेत की नुसती माती, हे ती हातोडीच्या आवाजावरून सांगायची. घाव घालण्याआधी बाकीच्या बाया तिला विचारत. तिची सगळी ऐट त्या एका गोष्टीवर होती.

गारगोट्या घ्यायला बारकूशेठ यायचा. शेठ कसला, लबाड मेला! बायांकडून पाटीच्या भावानं उचलायचा आणि मुंबईत दगड जमवणाऱ्या परदेशी लोकांना एकेक नग विकायचा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मावशीच्या हातोडीखाली एक दगड दुभंगला. आत बारीक निळेशार स्फटिक, आणि कडेला लालसर धातूची कणी.

"शेठ, ह्यो तांब्याचा दगड हाय," ती सगळ्या बायांसमोर म्हणाली.

बारकूशेठ खो खो हसला. "नाशकात तांबं? द्राक्षवाल्यांचं फवारायचं मोरचूद झिरपलं असेल. ॲसिडात बुडवून बघ. खरा असेल तर रंग राहील, मळ असेल तर जाईल." एवढं बोलून मोठा तुकडा मात्र त्यानं 'दाखवायला' म्हणून पिशवीत टाकला.

मावशी इथं फसली. जन्मभर तिनं गारगोट्या ॲसिडातच धुतल्या होत्या. मळ जातो, स्फटिक उजळून निघतो, हेच तिला ठाऊक. तिनं उरलेला तुकडा बादलीत बुडवला. दुपारपर्यंत निळा रंग पार गेला, हातात काळा धोंडा राहिला. बाया पोट धरून हसल्या. शकुबाईनं तर तिचं नाव 'मोरचूदवाली' ठेवलं. त्यानंतर तिला कुणी काही विचारेना. मावशी जेवेनाशी झाली.

मी तेव्हा सातपूरला मुलामा चढवायच्या कारखान्यात होतो. हकीगत ऐकून माझं डोकंच फिरलं. बारकूवर चिडलो, तिच्यावरही चिडलो.

"अगं मावशी, ॲसिड असला तांब्याचा दगड खाऊन टाकतं! बादलीतलं पाणी बघ, कसं हिरवं झालंय." मी त्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला. बाहेर काढला तर त्यावर तांब्याचा लाल थर.

तिनं खिळा उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे माझं खरं व्हतं."

"खरं होतं. आणि बारकूला ते माहीत होतं."

पुढचे आठ दिवस ती त्याच कातळाशी भिडली. शेवटी मुठीएवढा तुकडा निघाला, पहिल्याहून निळा. तो तिनं पदरात बांधला. कुणाला दाखवला नाही.

महिन्याभरानं बारकूशेठ पेढे घेऊन आला. मी त्या दिवशी तिचा डबा द्यायला गेलो होतो.

"नवसाताई, तसला दगड अजून आहे का गं?"

मावशीनं पदराची गाठ सोडली. त्याचे डोळे चकाकले. "आधी ह्या बायांना सांग, ह्यो काय हाय," ती म्हणाली.

"मोरचूदच गं. पण तुझ्या कष्टाचे दोनशे देतो."

तिनं दगड कातळावर ठेवला आणि हातोडी उचलली. पहिल्या घावाला एक कोपरा उडाला.

"अगं ए सटवे, थांब!" बारकूशेठ किंचाळला. "तांब्याचा आहे तो! असला पुन्हा मिळायचा नाही! पहिल्याचे मला आठ हजार मिळाले!"

खाणीतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या. शकुबाई पाटी टाकून उभी राहिली. मावशीनं त्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि दुसरा घाव घातला. निळा भुगा खडीत उडाला. बारकूशेठ गुडघ्यावर बसून तो वेचू लागला.

मला राहवलं नाही. "मावशी, आठ हजार गं!"

"त्यो कोण माझ्या दगडाला भाव देणारा?" ती म्हणाली आणि डबा उघडून पोटभर जेवली.