परीक्षेच्या वर्गात वाजलेलं घड्याळ

मंडळी, आज फार थकून घरी आले आहे.

आमच्या कॉलेजात अकरा ते दोन पेपर होता आणि मी सुपरव्हिजनला. बारा वाजता पीप-पीप झालं. मी ज्या बाकाजवळ उभी होते, तिथल्या मुलीच्या हातात डिजिटल घड्याळ होतं.

"आवाज करणारी घड्याळं नकोत, ही सूचना वाचली नाहीस?" मी ते काढून घेतलं.

"मॅडम, माझं वाजत नाही हो."

"मग काय माझं वाजतं?"

वर्ग हसला.

एक वाजता पुन्हा वाजलं, माझ्याच मनगटावर. सकाळी गजर बंद करताना कुठलंसं बटण दाबून मी दर तासाचा टोला चालू केला होता. तिचं घड्याळ मी गुपचूप बाकावर ठेवलं.

"शेवटचा प्रश्न राहिला. मधल्या तासात वेळेचा अंदाजच आला नाही," पेपर देताना ती म्हणाली.

मी माफी मागितली. पण दाराबाहेर, हळू आवाजात. बोलले होते मात्र चाळीस जणांसमोर.

उद्या त्याच वर्गावर ड्यूटी आहे. पेपर वाटण्याआधी चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगावं, की त्याने पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतील? ही काळजी खरंच तिच्यासाठी आहे, की माझी पळवाट? तुम्हाला काय वाटतं?