दोंद्यांच्या पत्रिकेवरचा गणपती

अंबरनाथ पूर्वेला हेमचंद्र दोंदे नावाचे एक गृहस्थ राहत. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ते तपासनीस होते. कुणी यंत्राचा भाग कागदावर काढला की तो कागद त्यांच्या टेबलावर येई. कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत, एक ‘काढले’ आणि दुसरी ‘तपासले’. पहिलीत काढणाऱ्याची सही, दुसरीत दोंद्यांची. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही, हा तिथला जुना नियम. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या चुका काढल्या, आणि त्यांची स्वतःची चूक कुणाला सापडली, असं कधी ऐकिवात नव्हतं. माणूस अबोल. भाजीत मीठ कमी असलं तरी निमूट जेवायचे, पण भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की हातातला घास ठेवून उठायचे.

पंच्याऐंशी साली त्यांच्या मेव्हण्याने मस्कतहून स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक आणला. दिसायला पाटीएवढा, वर रबराची बटणं. तो टीव्हीला जोडायचा आणि त्यातलं काम गाण्याच्या असते तसल्या कॅसेटवर साठवायचं. मेव्हण्याने आणला भाच्यांना खेळायला, पण चार दिवसांत तो दोंद्यांच्या ताब्यात गेला. कारखान्यातून आले, हातपाय धुतले, देवापुढे उभे राहिले, की बसलेच. आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन भरायचे, मग तेच ठिपके एकेक करून पडद्यावर उतरवायचे. कलश, डोली, केळीचे खांब, सनईवाला. अशी नऊ वर्षांत त्रेचाळीस चित्रं झाली.

“टीव्ही आपण हप्त्यांनी घेतला,” त्यांची पत्नी पद्मजाबाई म्हणायच्या, “आणि त्यात दिसतं काय, तर मुंग्या लागलेला कलश.”

“मुंग्या नाहीत, ठिपके आहेत.”

“तेच ते. बाकी लोक टीव्हीत देव बघतात, आम्ही ठिपके बघतो.”

हे बोलणं दोंद्यांनी मनावर घेतलं असावं. पुढचे तीन महिने ते एकाच चित्रावर बसले आणि गणपती काढला. मांडी घातलेला, हातात मोदक, पायाशी उंदीर, आणि सोंड डावीकडे वळलेली, देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्तीची असते तशी. पडद्यावर तो पूर्ण उमटला तेव्हा पद्मजाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या पिठाच्या हाताने बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, आणि त्यांनी नमस्कार केला. धाकटी नीलिमा तेव्हा बारावीत होती. ती म्हणाली, “बाबा, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर हाच घालायचा. विकतचा नको.”

“घालू,” दोंदे म्हणाले. दिलेला शब्द विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

चौऱ्याण्णव साली नीलिमाचं जमलं. स्थळ बदलापूरजवळच्या सोनिवलीचं, पाच खोल्यांचं घर, मुलगा औषधांच्या कंपनीत. व्याही विष्णुपंत फार कडक. त्यांचं सोवळंओवळं, त्यांच्या वेळा, सगळं घड्याळासारखं. बोलणी झाली तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, “चैत्रातल्या शेवटच्या रविवारी सकाळी पत्रिका आमच्या देवापुढे आली पाहिजे. मग बाकीच्यांना.” वैशाखात लग्न. त्या रविवारी आपला गणपती छापलेली पत्रिका विष्णुपंतांच्या हातात द्यायची, एवढंच दोंद्यांच्या डोक्यात बसलं.

छपाईसाठी ते उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेकचंदच्या प्रेसवर गेले. टेकचंदने नुकताच मोठा संगणक घेतला होता. जुना शिशाच्या खिळ्यांचा छापखाना भंगारात काढून तिथे काचेची केबिन केली होती. पत्रिकेचा मजकूर संगणकावर जुळवायचा, तो बटर पेपरवर काढायचा, त्यावरून जाळीची चौकट तयार करायची आणि रंग ओढून कार्ड छापायचं, असं काम चाले.

“दोंदेसाब, गणपती मेरे पास साठ हैं,” टेकचंद म्हणाला. “बंबईवरनं फ्लॉपी आणली. बसलेला, उभा, नाचणारा, सब. उंगली रखो, तो छापतो.”

“मला माझाच पाहिजे.”

“पण तुमचा कॅसेटमधे. माझा कंप्यूटर कॅसेट नाय खात.”

अडचण खरी होती. दोंद्यांचं चित्र स्पेक्ट्रमच्या पद्धतीने साठवलेलं, आणि टेकचंदच्या यंत्राला पीसीएक्स नावाच्या घडणीतलंच चित्र लागे. एकाचं दुसऱ्यात नेणारं तयार साधन इथे कुणाकडे नव्हतं. शेवटी टेकचंद म्हणाला, “पंधरा दिवस देतो. रोज संध्याकाळी या, मशीन खाली असते, काम नसते. जमला तर तुमचा, नाय जमला तर माझा. शादी कोणाच्या गणपतीसाठी थांबत नाय.”

दोंद्यांनी तार स्वतः जोडली. स्पेक्ट्रम टॉवेलात गुंडाळून पिशवीतून न्यायचा, प्रेसमधल्या टीव्हीला लावायचा, आणि तिथून ठिपके तारेने एकेक करून मोठ्या यंत्रात पाठवायचे. दोन्हीकडचे प्रोग्रॅम त्यांनीच वहीत लिहून काढले. ठिपके आठ-आठांच्या तुकड्यांनी जात. पहिल्या खेपेला गणपती आला तो चिरफळ्या होऊन, जसा गजऱ्याचा प्रत्येक तुकडा उलटा धरून ओवावा तसा. दोंद्यांनी विचार केला आणि ओळीतल्या तुकड्यांचा क्रम उलटा केला. शेवटचा आधी, पहिला शेवटी. झटक्यात चित्र सलग झालं. सोंड, मोदक, उंदीर, कुठे ठिपका हललेला नाही.

वास्तविक प्रत्येक तुकडा सुलटा करायला हवा होता. त्यांनी तुकडे तसेच उलटे ठेवून अख्खा गजराच उलट्या बाजूने ओवला. गजरा सलग दिसला, पण त्याचं डावं टोक उजवीकडे गेलं. दोंद्यांना ते दिसलं नाही, कारण ते गणपतीकडे बघत नव्हते, रेघांकडे बघत होते.

तरी तपासल्याशिवाय सोडणारे ते नव्हते. त्यांनी चित्र बटर पेपरवर काढून घरी आणलं. आलेखाचा मूळ कागद खिडकीच्या काचेला चिकटवला आणि त्यावर बटर पेपर धरला. बटर पेपरवरची शाई बोट लागलं की निघते. म्हणून कारखान्यातल्या सवयीप्रमाणे त्यांनी शाईची बाजू आत केली आणि कोरी बाजू आपल्याकडे. उलटं आलेलं चित्र उलटून धरल्यावर बसणारच. ठिपक्यावर ठिपका बसला. दोंदे समाधानाने म्हणाले, “बरोबर.” त्यांच्या हातून या खेपेला काढणंही झालं आणि तपासणंही झालं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तीनशे पत्रिका घरी आल्या. मरून रंग, हस्तिदंती कागद. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका घरच्या गणपतीला. पद्मजाबाईंनी दिवा लावला, पत्रिका पाटावर ठेवली, कुंकवात बोट बुडवलं, आणि बोट तसंच राहिलं.

“अहो, जरा इकडे या.”

दोंदे आले.

“मूर्तीची सोंड बघा. आता पत्रिकेवरची बघा.”

मूर्तीची सोंड डावीकडे, पत्रिकेवरची उजवीकडे. दोघे आरशापुढे बसल्यासारखे. दोंद्यांनी पत्रिका उचलून मूर्तीशेजारी धरली.

डाव्या सोंडेचा गणपती संसारी माणसाचा, भोळा, चुकलंमाकलं पोटात घालणारा. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं सांभाळायचं, नैवेद्याची वेळ चुकवायची नाही, एकदा घरात आणला की त्याच्या शिस्तीने राहायचं. असा देव तीनशे घरी पाठवायचा म्हणजे कुठे टीव्हीवर पडणार, कुठे रद्दीत जाणार. आणि पहिली पत्रिका जाणार विष्णुपंतांच्या हाती.

“मूळ काढताना डावीकडेच काढली होती,” दोंदे म्हणाले.

“मला माहीत आहे. मी नमस्कार केला होता ना.” पद्मजाबाईंनी बोटाचं कुंकू पुन्हा करंड्यात पुसलं. “चूक झाली, सुधारा. परवा रविवार आहे. नाहीतर त्या टेकचंदचा घाला, देव काही रागावायचा नाही.”

नीलिमा दारात उभी होती. ती म्हणाली, “बाबा, टेकचंदचा चालेल मला.” चालणार नाही हे तिच्या आवाजातच होतं. दोंदे रात्री जेवले नाहीत असं नाही, जेवले, पण कॅलेंडर तिरकं होतं आणि ते उठले नाहीत.

शनिवारी सकाळी रजा टाकून ते प्रेसवर गेले, तर केबिनला कुलूप. टेकचंद नात्यातल्या कुणाच्या साखरपुड्याला गेलेला, संगणक सोमवारशिवाय उघडायचा नाही. मागच्या शेडमध्ये किसन शेजवळ एकटे रंग घोटत बसले होते. किसनराव प्रेसमध्ये वीस वर्षं खिळे जुळवायला होते. शिशाची अक्षरं उलटी असतात, ती उलटी वाचायची त्यांना इतकी सवय की सरळ पेपर वाचताना जरा अडखळतो, असं ते स्वतःच सांगत. छापखाना मोडला तेव्हा टेकचंदने त्यांना जाळीच्या छपाईवर घेतलं.

दोंद्यांनी पत्रिका पुढे धरली. “किसनराव, यात एक चूक आहे.”

“सोंड,” किसनराव म्हणाले. हातातलं घोटणं थांबलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिलंच कार्ड ओढलं तवाच दिसलं. उलटं आपल्याला लगेच दिसतं.”

“मग बोलला का नाहीत?”

आता किसनरावांनी हात थांबवला. “साहेब, माझ्या घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तुमच्या घरातल्या देवाची सोंड कुठल्या बाजूला असावी, हे मी कोण सांगणार? उजवी पण असते लोकांकडे. म्हटलं, तुमच्यात तशी असंल. तुम्ही स्वतः तपासून आणलंय म्हणाला होता.”

दोंद्यांनी पत्रिका पिशवीत ठेवली. ते म्हणाले, “संगणक सोमवारी उघडणार. पत्रिका उद्या सकाळी द्यायची आहे.”

“त्याला संगणक कशाला?” किसनरावांनी फळीवरून पत्रिकेचा बटर पेपर काढला. त्यावर मजकूर होता आणि वर गणपती होता. त्यांनी ब्लेड घेतलं, गणपतीभोवती चौकोन कापला, तुकडा उचलला, उलटला, आणि त्याच भोकात पारदर्शक पट्टीने चिकटवला. “झाला डावा.”

दोंदे बघत राहिले. सगळा जन्म ट्रेसिंगच्या कागदात गेलेला माणूस, पण त्याला हे सुचलं नव्हतं.

“शाई आता वरच्या बाजूला गेली,” किसनराव म्हणाले. “जाळीपासून कागदाच्या जाडीएवढी लांब. रेघ केसभर जाड येईल. चालंल?”

“चालेल.”

“मग जाळी उन्हात धरतो. बोलू नका मधी, मी आकडे मोजतो.”

जाळी झाली. कार्डाचा कागद फळीवर शिल्लक होता. “शेठला सोमवारी मी सांगतो,” किसनराव म्हणाले. दुपारपर्यंत दोघांनी मिळून छापलं. किसनराव रंग ओढत होते, दोंदे एकेक कार्ड दोरीवर वाळत घालत होते. प्रत्येक कार्ड वर करून सोंड बघत होते. साठाव्या कार्डानंतर किसनराव म्हणाले, “साहेब, आता त्यो फिरायचा नाय.”

उरल्या चुकीच्या पत्रिका. पद्मजाबाईंनी बजावून ठेवलं होतं की देव छापलेला कागद रद्दीत जाता कामा नये, आणि हा तर उजव्या सोंडेचा. म्हणून रविवारी सोनिवलीला जाताना दोघे बदलापुरात नदीवर उतरले. हळदकुंकू वाहून पद्मजाबाईंनी पत्रिका पाण्यात सोडल्या. कागद चांगल्या प्रतीचा, तो काही बुडेना. तीनशे गणपती उल्हास नदीवर तरंगत राहिले. दोंद्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठीने एकेक पत्रिका खाली दाबली. वेळेवर निघायचं म्हणून शेवटच्या वीसेक तशाच वाहत गेल्या.

सोनिवलीत विष्णुपंतांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, आधी देवापुढे ठेवली, मग चष्मा लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. दोंद्यांची नजर त्यांच्या अंगठ्याजवळच्या सोंडेवर होती.

“सुबक आहे,” विष्णुपंत म्हणाले. “रेघ जरा ठळक. कुठल्या प्रेसचा गणपती?”

“घरचा आहे,” दोंदे म्हणाले.

“कुणी काढला?”

“मी काढला. तपासला किसन शेजवळांनी.”

विष्णुपंतांना किसन शेजवळ कोण ते माहीत नव्हतं. ते “बरं” म्हणाले आणि चहा आला.

लग्न वैशाखात वेळेवर लागलं. पुढे दोंद्यांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि बाकीची बेचाळीस चित्रं त्या मोठ्या यंत्रात नेली. टेकचंदने ती बंबईच्या साठांबरोबर ठेवली. कॅम्प दोनमध्ये छापलेल्या पुष्कळ पत्रिकांवर तो कलश आणि ती डोली नंतर दिसे, काढणाऱ्याचं नाव अर्थात कुठे नसे. मात्र दोंद्यांच्या घरी एक फाइल होती. तिच्यात त्रेचाळीस कागद होते आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पट्टीने आखलेल्या दोन चौकटी होत्या. ‘काढले’ या चौकटीत दोंद्यांची सही. ‘तपासले’ या चौकटीत किसन शेजवळ यांची, जरा अडखळत केलेली.

सनईवाल्याच्या कागदावर तेवढा एक शेरा होता, किसनरावांच्या हातचा. ‘हात उलटे धरले आहेत. मूळ चित्रातच. वाजवणाऱ्याला विचारावे.’ खाली दोंद्यांनी लिहिलं होतं, ‘विचारले. शेरा बरोबर आहे. दुरुस्त केले.’