सुदृढ बालक

लेकीला लिम्फोमा निघाला. फॉर्म भरताना डॉक्टरांनी तिचं जन्माचं वजन विचारलं. मी सवयीने जरा ताठ होत म्हणाले, "सव्वाचार किलो." त्यांचं पेन थांबलं. "जास्त वजनाचा या कॅन्सरशी किंचित संबंध दिसतो. पण तेच कारण, असं म्हणता येत नाही."

मग मी काय समजायचं?

सुदृढ बालक स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, तेव्हा घरी येताच मी तिची दृष्ट काढली होती. लोकांच्या नजरेला भ्यायचं एवढंच मला ठाऊक होतं. दवाखान्यातून परतल्यावर त्या बक्षिसाचा फोटो मी भिंतीवरून उतरवला आणि हातात धरून उभीच राहिले.

पलंगावरून लेक म्हणाली, "आई, पुसून झाला असेल तर लाव ना परत."